य रेषेतूनच काढायचा

अकरावीला रेषा, वर्तुळ आणि अन्वस्त शिकवायला घेतलं की मी आधी फळ्यावर गाव मांडतो. वसई रोड स्टेशन हा आरंभबिंदू. रेल्वेलाइन हा य-अक्ष. नायगाव खाली, नालासोपारा आणि विरार वर. लाइन काही नेमकी उत्तर-दक्षिण जात नाही, पण तेवढी सूट फळ्यावर चालते. ईस्ट धन, वेस्ट ऋण. इथल्या मुलांना हे निराळं शिकवावं लागत नाही, कारण पत्ता सांगताना त्यांची सुरुवातच ‘वेस्टला’ किंवा ‘ईस्टला’ अशी होते. देकार्तने १६३७ साली आपल्या भूमितीच्या ग्रंथात ऋण उत्तरांना खोटी ठरवलं होतं. आमच्याकडे ऋण म्हणजे अर्नाळ्याच्या बाजूला राहणारा, इतकंच.

मग गणित. वर्तुळ: क्षवर्ग + यवर्ग = २५. रेषा: य = क्ष + १. दोघांची गाठ कुठे पडते? वर्तुळात य च्या जागी क्ष + १ ठेवायचा, कंस सोडवायचा, दोनने भागायचं; उरतं क्षवर्ग + क्ष − १२ = ०. अवयव पाडले की क्ष = ३ किंवा −४. इथवर सगळे बिनबोभाट येतात. घसरडी जागा यानंतरची.

क्ष = ३ हाती आला की य काढायला बरीच मुलं पुन्हा वर्तुळाकडे वळतात. पंचविसातून नऊ गेले, सोळा राहिले, म्हणून य = ४ किंवा −४. तसंच −४ साठी ३ आणि −३. झाले चार बिंदू! रेषा वर्तुळाला दोनापेक्षा जास्त ठिकाणी छेदत नाही हे तोंडपाठ असतं, तरी वहीत चारही बिंदूंना ऐटीत चौकट केलेली असते. माझा नियम एवढाच: य रेषेतूनच काढायचा. रेषा एका क्ष ला एकच य देते, म्हणून (३, ४) आणि (−४, −३). बाकीचे (३, −४) आणि (−४, ३) वर्तुळावर आहेत हे खरं, पण रेषा तिकडे फिरकलेलीच नाही. वर्ग केला की चिन्ह पुसलं जातं. वर्तुळाला विचारलं तर ते दोन्ही चिन्हं परत करणार, त्यात त्याचा काय दोष?

सीईटीच्या सरावासाठी प्रश्न काढताना चार पर्यायांत मी (३, −४) हमखास घालतो. नव्वद मिनिटांत गणिताचे पन्नास प्रश्न; घाईत पर्याय उचलून एकाच समीकरणात ठेवला की तो चोख बसतो, आणि पोरं अलगद अडकतात.

पुढच्या तासाला रेषा तीच ठेवून वर्तुळाच्या जागी अन्वस्त आणतो. यवर्ग = ५क्ष घेतलं तर विवेचक ५, म्हणजे छेदनबिंदू दोन. यवर्ग = ४क्ष घेतलं तर विवेचक शून्य; रेषा (१, २) पाशी नुसती टेकते, ती झाली स्पर्शिका. यवर्ग = ३क्ष घेतलं की अन्वस्ताचं तोंड इतकं आवळतं की रेषा बाहेरूनच निघून जाते; विवेचक −३. हे सगळं आलेखकागदावर काढायला लावतो. कागदावर पेन्सिलीची जाडी स्पर्शिकेला बरीच लांब चिकटून चाललेली दिसते. चाराच्या जागी ४.०१ घेतलं तर प्रत्यक्षात बिंदू दोन होतात, क्ष मध्ये जेमतेम दोन दशांशाचं अंतर राखून. डोळ्यांना ते कळत नाही, विवेचकाला कळतं. अशा वेळी आकृतीवर विसंबायचं नाही.

उलटही घडतं. वसईच्या किल्ल्यापासून आणि अर्नाळ्याच्या किल्ल्यापासून प्रत्येकी बारा किलोमीटरवर एक होडी आहे, ती कुठे? दोन किल्ले केंद्र धरून दोन वर्तुळं काढायची. एका समीकरणातून दुसरं वजा केलं की वर्ग उडून जातात आणि सामाईक जीवेची रेषा उरते. पुढे पुन्हा रेषा आणि वर्तुळ. उत्तरं दोन. एक अरबी समुद्रात, दुसरं रेल्वेलाइन ओलांडून ईस्टला. बीजगणिताच्या लेखी दोन्हींचा मान सारखाच. होडी ईस्टच्या इमारतींमध्ये नसते, हे ठरवणारा मात्र गणित करणारा. मोबाइलमधल्या जीपीएसलाही हेच करावं लागतं. तीन उपग्रहांपासूनची अंतरं नेमकी कळली तरी बिंदू दोन उरतात, आणि पृथ्वीपासून भलतीकडे पडणारा टाकून द्यावा लागतो. चौथा उपग्रह लागतो तो मुख्यतः फोनच्या घड्याळातली चूक काढायला.

ज्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये कोणतं उत्तर ठेवायचं हा प्रश्न माकडांवर सोडवला. ‘बीजगणिता’त एका कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग रानात खेळतो आणि बारा टेकडीवर असतात, उत्तरं ४८ आणि १६, दोन्ही मान्य. दुसऱ्या कळपाच्या पाचव्या भागातून तीन कमी करून वर्ग केला, तितकी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसलं. उत्तरं ५० आणि ५. पाच घेऊन पाहा, समीकरण बरोबर जुळतं. पण पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन कसे काढणार? म्हणून त्यांनी पाच नाकारले. समीकरणाचा साचा तोच, पद्धत तीच, आणि तरीही एका गणितात दोन्ही ठेवायची, दुसऱ्यात एक टाकायचं. हा निवाडा सूत्रात नसतो.

म्हणून मी उत्तराखाली आणखी एक ओळ लिहून मागतो: हाच बिंदू का घेतला, किंवा दोन्ही का ठेवले. बोर्डात तिला गुण मिळोत न मिळोत, माझ्या चाचणीत मिळतात.