जोत्यावरचं पाणी

आमच्या घरापाशी पाणी मागाहून आलं. आधी खाली घोड नदी होती, भाताची खाचरं होती आणि आमचं जुनं घर होतं. डिंभे धरणाचा फुगवटा चढायला लागला तशी आजोबांनी सागाची चौकट, दोन तुळया आणि जातं बैलगाडीत घालून या टेपावर आणलं. तीच चौकट अजून दारात आहे. डाव्या अंगाला, कमरेएवढ्या उंचीवर लाकूड गुळगुळीत होऊन जरासं खोल गेलंय. उंबरा ओलांडताना घरातलं प्रत्येक माणूस तिथेच हात टेकत आलं. पुण्याहून आल्यावर माझाही हात आपसूक तिथे जातो.

पाऊस सरता सरता जलाशय तुडुंब भरतो तेव्हा पडवीतून उठवत नाही. आहुप्याकडून ढग उतरतात, डोंगर पुसले जातात, आणि धुक्यातून कुणाची तरी हाक तेवढी पाण्यावरून येते. सकाळी पोरं जाळी काढून वर येतात. पिशवीत चिलापी अजून उडत असते. चुलीवर कालवण रटरटतं, शेजारी तांदळाची भाकरी फुगते. या घराचं सुख मला विचाराल तर ते एवढंच, आणि ते पुष्कळ आहे.

जलाशयाला नाव हुतात्मा बाबू गेनूंचं. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. परदेशी कापडाचा ट्रक अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत त्यांनी प्राण दिला. आजी मात्र नुसतं ‘धरण’ म्हणते. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते जुनं आंबेगाव याच पाण्याखाली गेलं. डाव्या कालव्यानं इथलं पाणी जुन्नर तालुक्यातल्या येडगाव धरणात जातं, तिथून पार करमाळ्याच्या शिवारापर्यंत. उन्हाळ्यात आजीचा फोनवर पहिला प्रश्न असतो, “करमाळ्याला पोचलं का गं पाणी?” आपलं घर ज्यापायी गेलं ते कुणाच्या तरी उसाला, ज्वारीला लागलं पाहिजे, असा तिचा हिशेब. मला तो खरा वाटतो.

पाणी ओसरत जातं तशी उघड्या पडलेल्या काठावर गाळपेर होते. मे महिन्यात जुन्या देवळांचे दगड वर येतात आणि एखाद्या वर्षी आमचं जोतंही. मग आजी काठी टेकत खाली उतरते. भेगाळलेल्या गाळात उभी राहून सांगते: ही चूल, हे तुळशीवृंदावन, इथे तुझा बाप रांगायचा. उंबऱ्याच्या दगडावरचा गाळ ती पदरानं पुसते, हळदकुंकू वाहते. परत येताना बोलत नाही.

रविवारी गाड्या थांबतात. पाण्याकाठी जागा मिळेल का, म्हणून विचारतात. मनाजोगतं घर बांधावंसं वाटणारच, असं हे पाणी आहे. फक्त जागा ठरवण्याआधी एकदा मे महिन्यातही या. आजी जोतं दाखवील.