कशाचा पाव?

अंकगणितांत अपूर्णांकाचा धडा आला कीं चांगल्या हुशार मुलांचीहि गाडी अडते. आठ हे चारांहून मोठे, हें त्यांनीं पहिलीपासून घोकलेलें असतें. मग एक-अष्टमांश हा एक-चतुर्थांशाहून लहान कसा, हें त्यांना पटत नाहीं. नगर जिल्ह्यांत, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरांत, पारनेरकडे आमचें घर आहे. तेथें सुटींत जमणाऱ्या मुलांना मी हा धडा पाटीवर न शिकवितां ज्वारीच्या भाकरीवर शिकवितों. एका भाकरीला चार वांटेकरी आणि तेवढ्याच दुसरीला आठ वांटेकरी नेमले, म्हणजे छेद वाढला कीं तुकडा कां लहान होतो, हें पोटालाच कळतें. छेद म्हणजे कापणें आणि अंश म्हणजे वांटा, हे अर्थ मग निराळे सांगावे लागत नाहींत.

खरी अडचण यापुढें आहे. एकाला मोठ्या भाकरीचा पाव आणि दुसऱ्याला लहान भाकरीचा पाव दिला, कीं तंटा सुरू होतो. दोघांनाहि पावच मिळालेला असतो. पण एकाच्या हातांत अधिक, दुसऱ्याच्या हातांत उणें. त्या तंट्यांतून जो प्रश्न निघतो तोच साऱ्या धड्याचें सार आहे : कशाचा पाव?

आपल्या भाषेनें हा प्रश्न फार पूर्वींच ओळखला होता. सव्वा म्हणजे पूर्णावर पाव. पावणे म्हणजे पूर्णाला पाव कमी. 'अडीच' हा शब्द 'अर्धतृतीय' यावरून आला, आणि जुन्या औटकींतला 'औट' हा 'अर्धचतुर्थ' यावरून. दोन पुरे झाले व तिसरा निम्मा भरला, तें अडीच. म्हणजे शब्दाचें बोट भरावयाच्या राहिलेल्या पूर्णाकडे आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकलेल्या पिढ्यांचा हिशेब तोंडीं झटपट होत असे. पण पाठांतराच्या नादांत हें बोट सहसा कोणाला दिसत नसे. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं आणि आणा हळूहळू व्यवहारांतून गेला. 'सोळा आणे खरें' या बोलण्यांत मात्र पूर्ण तो अजून सोळा आण्यांचाच.

तसा तो विहिरींतहि राहिला आहे. आमच्याकडे सामाईक विहिरीच्या पाण्याचा हिस्सा आण्यांत सांगतात. बापाचा आठ आणे हिस्सा दोन मुलांत चार-चार आणे होतो, आणि त्यांच्या दोन-दोन मुलांत दोन-दोन आणे. हें उदाहरण घातलें तर मुलें तें अचूक सोडवितात. एकदां मी पुढें विचारलें, "उन्हाळ्यांत विहीर आटली, तर दोन आणे म्हणजे किती पाणी?" एक नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "पण काका, मग सोळा आणे म्हणजे तरी किती?"

आमचा मुलूख पर्जन्यछायेंतला. येथें एका आण्याच्या पाण्यावरून सख्ख्या भावांचें बोलणें तुटलेलें मीं पाहिलें आहे. प्रत्येकाला आपला अंश तोंडपाठ असतो. विहिरीचा तळ मात्र कोणी वांकून पाहत नाहीं. नगर तालुक्यांतील हिवरे बाजारानें निराळी रीत घातली. पडलेला पाऊस मोजावयाचा, गांवाच्या पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा, आणि मग कोणतीं पिकें घ्यावयाचीं तें ठरवावयाचें. आधीं पूर्ण ठरलें, मग अंश.

समच्छेद करावयास मुलांनीं शिकावेंच. परीक्षेंत त्याला गुण आहेत. पण त्या मुलीनें विचारलेला प्रश्न कोणत्याहि प्रश्नपत्रिकेंत माझ्या पाहण्यांत आला नाहीं. तो शेताच्या बांधावर विचारला जातो, आणि तेथें तो विचारावयास बहुधा फार उशीर झालेला असतो.