काखेतला चौकोन

सोलापुरात संक्रांत जवळ आली, की पांढऱ्या कापडाला मागणी येते. सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि नंदीध्वज पेलणारे, त्यांच्या मागेपुढे चालणारे भक्त पांढरी बाराबंदी घालतात. उरलेल्या महाराष्ट्रात बाराबंदी आता रंगमंचावर, शाहिराच्या अंगावर नाहीतर शिवजयंतीच्या मिरवणुकीत दिसते. इथे मात्र तिला अजून काम आहे. उंच, जड काठी तोल सांभाळत पेलायची म्हणजे हात छातीपाशी, खांद्यापाशी, डोक्याच्याही वर जातात. दर वेळी हातासोबत अंगातलं वस्त्रही कमरेपासून वर ओढलं गेलं, तर पेलणाऱ्याचं लक्ष काठीवर राहायचं नाही. बाराबंदी ओढली जात नाही. त्याचं कारण समोरून दिसत नाही. ते काखेत असतं.

बाही आणि अंग जिथे भेटतात, तिथे चार बोटं रुंदीचा एक चौकोनी तुकडा कोनावर उभा करून बसवलेला असतो. हात खाली असला की तो दुमडून पडतो, हात वर गेला की उघडतो. या एवढ्याशा तुकड्याभोवती सोलापुरातल्या एका शिंप्याचं निम्मं आयुष्य गेलं आहे. आज त्याचा छोटासा कारखाना आहे. मोजकी मशिनं, मोजके कारागीर. जुन्या बेतणीवरून आजच्या माणसासाठी कोट आणि सदरे तयार करायचे, हे त्याचं काम.

त्याची या वस्त्राशी ओळख झाली ती बंदांपासून. वडिलांचं दुकान म्हणजे रस्त्यावर उघडणारी एक खोली, एक पायमशीन आणि बेतायला जमिनीवर अंथरलेली सतरंजी. शाळेतून आलं की पोराने बंद उलटवायला बसायचं. कापडाची अरुंद पट्टी उभी दुमडून आतून शिवलेली असायची. तिच्या एका टोकाला दोरा अडकवायचा, दाभण नेढ्याच्या बाजूने नळीत सरकवायचं आणि हळूहळू ओढत पट्टी सुलटी करायची. घाई केली की शिवण उसवते. एका बाराबंदीला बारा बंद, म्हणजे सहा जोड्या. आतला पदर आधी बांधायचा, मग वरचा पदर छातीवरून आडवा घेऊन बाहेरचे बंद बांधायचे. हे करता करता त्या पोराला एक गोष्ट कुणी न शिकवता कळली. या वस्त्राला माणसाचं नेमकं माप लागत नाही. अंग भरलं तर बंद सैल, अंग उतरलं तर घट्ट. थोरल्याचं वस्त्र धाकट्याला होतं आणि आजारातून उठलेल्या माणसाला स्वतःचंच परकं वाटत नाही.

वडील कागदाचा साचा वापरत नसत. कापड आदल्या रात्री भिजवून, वाळवून, मग वीत आणि बोटं यांच्या हिशेबाने बेतायचे. कातर जवळजवळ सगळी सरळ चालायची. पाठ एक सरळ पट्टी, पुढा दोन पट्ट्या, बाजूला घेरासाठी तिरकस कळ्या, बाही म्हणजे एक लांबट तुकडा. कळ्या कापताना जे उरायचं, त्यातून बंद आणि काखेतला चौकोन निघायचा. सतरंजीवर झाडायला फार काही शिल्लक राहत नसे.

‘‘आप्पा, काखेत हा तुकडा कशाला?’’ असं त्याने एकदा विचारलं होतं.

‘‘अरे बाळा, हात काय दांडीवर वाळत घातलाय? तो हलतो. त्याला जागा नको का?’’

त्या सरळ कातरीमागचं कारण त्याला पुष्कळ पुढे उमगलं. हातमागावर धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलायचा, तर कापडाचा पन्हा विणकराच्या दोन हातांच्या टप्प्याहून मोठा होऊच शकत नाही. जॉन के याने 1733 साली झटक्याचा धोटा काढला आणि तिथून रुंद पन्हा सोपा झाला. त्याआधीचं जगभरातलं बरंचसं कापड अरुंद होतं. अरुंद कापड आणि ते विणायला लागणारे कष्ट, या दोन गोष्टी समोर ठेवून बसलेला शिंपी गोलाई कापून तुकडे टाकून देणार नाही. तो पट्ट्या जोडेल, घेर हवा तिथे कळी घालेल आणि हात हलायला हवा तिथे चौकोन बसवेल. अंगरख्याची, बाराबंदीची, सदऱ्याची बेतणी अशी जन्माला आली. दरबारातला अंगरखा असो की शेतकऱ्याची कोपरी, कातरीचा विचार एकच. म्हणून या पोशाखाला नुसतं ‘पेशवाई’ म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे. तो जितका वाड्यातला आहे, तितकाच बांधावरचा आहे.

पुढे टेरिकॉट आलं. चुरगळत नाही, इस्त्री मोडत नाही, रात्री धुतलं की सकाळी वाळतं. सोलापूरच्या बेचाळीस अंशांच्या उन्हात ते अंगाला चिकटायचं, पण लोकांना ते हवं होतं आणि त्यांचं चुकत होतं असंही म्हणता येत नाही. रोज कापड धुणाऱ्या बाईला विचारलं असतं, तर तिने टेरिकॉटच निवडलं असतं. सफारी आले, मग तयार शर्ट आले. आप्पांकडे वर्षभर दुरुस्तीची कामं आणि संक्रांतीला बाराबंद्या, एवढंच राहिलं. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूसारखी गिरणी बंद पडली, तेव्हा शहरातल्या कितीतरी घरांचा कापडाशी असलेला संबंध तुटला. या मुलाचा टिकला, कारण सोलापुरात गणवेशांचा धंदा वाढत होता.

गणवेशाच्या कारखान्यात तो कापडाचे थरावर थर रचून एका दमात कापायला शिकला. तिथे प्रत्येक शिवणीला मिनिटांचा हिशेब. बाहीचा मुंढा गोल कापला की मशीन एका फेरीत बाही जोडून मोकळं होतं. चौकोनाला चार बाजू, चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्यावर सुई कापडात रोवून, पाय उचलून, कापड फिरवायचं. अशा कामाला तिथे जागा नव्हती. मग काही वर्षं पुण्यात, लष्कर भागातल्या एका वयस्क कोटमास्तरांच्या हाताखाली. तिथे बकरम, कॅनव्हास, कच्चे टाके, दोन-दोन ट्रायल. विलायती कोट हीही मोठी विद्या आहे, हे तो आजही मानतो. सपाट कापडाला वाफ आणि टाके यांच्या बळावर छातीची गोलाई द्यायची, खांदा उभा करायचा, हे सोपं नाही. पण तो कोट उभ्या, स्वस्थ माणसासाठी घडवलेला असतो. मुंढा जरा खोल गेला आणि माणसाने टांग्याचा दांडा धरायला किंवा आता बसची कडी धरायला हात वर केला, की अख्खा कोट कानापर्यंत येतो.

सोलापुरात परतल्यावर एक तरुण लग्नासाठी भाड्याने आणलेली बाराबंदी सैल करून घ्यायला आला. चकचकीत कापड, पाठीत चेन आणि समोर बारा बंद नुसते चिकटवलेले. ते सुटतही नव्हते, बांधताही येत नव्हते. शिंप्याला ते पाहून मनापासून वाईट वाटलं. पोराचा काही दोष नव्हता, त्याला आपल्याकडचं काहीतरी घालायचं होतं आणि बाजारात त्याला एवढंच मिळालं होतं. पुढचं सगळं त्या वाईट वाटण्यातून सुरू झालं.

त्याने आप्पांनी शिवलेली एक जुनी बाराबंदी घेतली आणि ती उसवायला बसला. ब्लेड नाही, सुईच्या टोकाने एकेक टाका उचलत. उसवताना दिसलं, की काखेतल्या चौकोनाच्या दोन बाजू मशीनवर आहेत आणि दोन हाताच्या धावदोऱ्याने घातलेल्या. सगळ्यात आधी फाटते ती काख. घामाने कापड तिथे कुजतं. हाताचा टाका ओढून काढायला सोपा, म्हणजे चौकोन बदलून नवा घालायचा आणि वस्त्र आणखी काही वर्षं चालवायचं. दुरुस्तीचा विचार बेतणीतच केलेला होता. शिवणीच्या आत दोन्हीकडे बोटभर माया सोडलेली. सगळे तुकडे इस्त्री करून त्याने कागदावर ठेवले आणि पेन्सिल फिरवली. घराण्यात पहिल्यांदाच साचा कागदावर आला.

मग तो बघत सुटला. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय, अहमदाबादेत 1949 साली सुरू झालेलं कॅलिको वस्त्रसंग्रहालय. मुंबईत एका लग्नात पारशी गृहस्थांच्या अंगावर पांढरा डगला दिसला, तर त्याची नजर सरळ बंदांवर गेली. लोकमान्य टिळकांचा अंगरखा आणि 1915 च्या जानेवारीत गांधीजी अपोलो बंदरावर उतरले तेव्हाचा त्यांचा काठियावाडी पोशाख, ही छायाचित्रं त्याने पूर्वीही पाहिली होती. आता तो त्यांतला मुंढा कुठे पडतो आणि पदर कुठल्या बाजूला जातो ते बघू लागला. पुणे, काठियावाड, मुंबईचे पारशी, सगळ्यांच्या अंगावर एकाच कातरीची भावंडं होती.

या शोधात त्याला एका गिऱ्हाइकाने जो प्रश्न विचारला, तो त्याने टाळला नाही. निवृत्त शिक्षक होते ते. म्हणाले, ‘‘मास्तर, परंपरेचा पोशाख म्हणता, पण त्या परंपरेत कुणी काय घालायचं हेही ठरलेलं होतं. आमच्या बाबासाहेबांनी सूट घातला तो उगाच नाही.’’ खरंच आहे ते. 1927 च्या डिसेंबरात महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी लुगडं नेसण्याची पद्धत बदला, जात ओळखू येईल असे दागिने टाकून द्या, असं सांगितलं होतं. कपडा माणसाला खाली ठेवू शकतो आणि वरही उचलू शकतो, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी ओळखलं असेल? त्या संभाषणानंतर शिंप्याने दुकानावरच्या पाटीतून ‘शाही’ आणि ‘पेशवाई’ हे दोन्ही शब्द काढले. पगडी, शेला, मोत्यांच्या माळा ठेवायच्या नाहीत असंही ठरवलं. त्याला कातर जपायची आहे, थाट नव्हे. ते शिक्षक त्याच्याकडून कोट शिवून घेऊन गेले. गडद निळा.

तो कोट आता त्याची ओळख झाला आहे. पुढा आडवा पदर घेणारा, पण बंद चारच: दोन आत, दोन बाहेर. बाकीच्यांच्या जागी कापडाच्याच घुंड्या आणि फासे, कारण बस पकडायच्या माणसाला सकाळी बारा गाठी मारायला लावणं बरं नाही. गळा बंद, गळपट्टी दोन बोटं. खांद्यात भरणी नाही, बकरम फक्त गळपट्टीत. बाजूच्या कळीच्या शिवणीत खिसा, जिथे मोबाईल ठेवला तरी पुढा ओघळत नाही. ही खिशाची जागा सापडायला फार खटपट करावी लागली. छातीवर लावला तर पदर खाली ओढला जायचा, पोटावर लावला तर बसताना टोचायचा.

सदरा तुलनेने सरळ. छत्तीस इंची पन्ह्याची खादी दोनदा भिजवून घ्यायची, कारण हातसूत पहिल्या धुण्याला जेवढं आटतं, तेवढ्यावर थांबत नाही. काखेत चौकोन, बाजूला चिरा, बाहीला हवी तर मनगटपट्टी.

महाग पडतं हे सगळं. एक चौकोन नीट बसवायला कारागीर बाईला जो वेळ लागतो, त्यात गणवेशाची एक अख्खी बाही जोडून होते. तो नगावर मजुरी देत नाही, रोजावर देतो, कारण नगावर दिली की कोपरे गोळा होतात आणि काखेत चुणी पडते. त्यामुळे त्याचा सदरा बाजारातल्या सदऱ्याच्या किमतीत कधीच बसणार नाही. त्याच्यावर ‘श्रीमंतांसाठी शिवतोस’ असा ठपका येतो. या ठपक्याला त्याचं उत्तर दुरुस्तीचं आहे. त्याच्याकडून नेलेल्या कपड्याची काख गेली, तर चौकोन बदलून द्यायचे पैसे तो घेत नाही, आणि तुकडा त्याच थानातला मिळावा म्हणून प्रत्येक कापडाचं थोडं उरलेलं नावनिशी बांधून ठेवतो. मला हे उत्तर पुरेसं वाटतं. स्वस्त कपड्याची खरी किंमत कुणीतरी मजुरीत मोजलेली असते, आणि इथे निदान ती बाई डोळ्यासमोर बसलेली आहे.

सध्या त्याच्या टेबलावर घोंगडीचा कोट आहे. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीचं कापड, खरबरीत, पाऊस-थंडी अंगावर घेणारं. सनगर ते विणताना सुताला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून कापड ताठ होतं. त्या ताठपणात काखेतला चौकोन दुमडतच नाही, हात खाली केला तरी फुगून उभा राहतो. खळ न लावता विणून द्याल का, असं त्याने सांगोल्याकडच्या एका सनगराला विचारलं. ‘‘खळीशिवाय सूत मागावर टिकायचं नाही मास्तर, तुटंल,’’ असं म्हणून त्यांनी दुसरा उपाय सुचवला: विणून झाल्यावर कापड गरम पाण्यात धुऊन खळ काढायची. मात्र लोकर धुतली की आटते आणि दाट होते. त्यामुळे पहिल्यांदा दोन हात कापडच धुऊन पाहायचं ठरलं आहे. पन्हा किती कमी होतो ते कळलं, की मग चौकोन घोंगडीचाच ठेवायचा की जाड खादीचा, ते ठरेल. साचा तोवर पेन्सिलीतच आहे.