बाबांच्या मशीनसाठी कॉम्प्युटर

बाबांचे हात हल्ली थरथरतात. मिलिंग मशीनची हँडलं फिरवणं बंद झालं, म्हणून गेल्या दिवाळीत मी तिन्ही अक्षांना स्टेपर मोटरी बसवल्या. राहिला प्रश्न कॉम्प्युटरचा. म्हटलं, आपला नवा लॅपटॉप लावू, झालं! पण त्याला पॅरलल पोर्टच नाही. शिवाय लॅपटॉप वीज वाचवायला मध्येच डुलकी काढतो. पल्स उशिरा गेली की मोटर अडखळते, स्टेप हुकते आणि जॉब भंगारात.

शेवटी माळ्यावरचा २००६ सालचा डेस्कटॉप काढला. (आई तो भंगारवाल्याला देणारच होती, थोडक्यात वाचला.) धूळ झटकली, लिनक्ससीएनसी टाकलं, लेटन्सी टेस्ट लावली आणि मुद्दाम गाणी वाजवत, स्क्रीनवर खिडक्या उघडत-मिटत बसलो. जेवून येईपर्यंत सर्वात वाईट आकडा ११,००० नॅनोसेकंद! २०,०००च्या आत असला की सॉफ्टवेअरने पल्स द्यायला उत्तम.

काल बाबांनी स्वतः एंटर दाबून ॲल्युमिनियमच्या तुकड्यात पहिली खाच पाडली. व्हर्नियर मी धरला, वाचला त्यांनी.

"पॉइंट झीरो फाइव्ह जास्त आहे," म्हणाले. "बॅकलॅश आहे रे. तो काढ आधी."