खाऊन वाळणारा मासा

आमच्या घरात वाळत जाण्याचा मान आजवर माझ्याकडे होता. यंदा तो एका गप्पीने पटकावला. धाकटीच्या काचपेटीतला हा मासा खायला सर्वांच्या पुढे. पण पोट खपाटीला आणि पाठ सुरीच्या पात्यासारखी! मी पडलो मराठीचा प्राध्यापक. उपासमारीचे निदान करून दुप्पट खाणे घातले. आठवड्यात दोन मासे गेले. धाकटी माझ्याशी बोलेना.

अखेर गुरांच्या डॉक्टरांना घरी आणले. त्यांनी काचेबाहेरून भिंग लावले. माशाच्या गुदद्वारातून लाल धाग्यांची टोके डोकावत होती. "सर, तुम्ही माशाला नव्हे, जंतांना जेवू घालत होता!" धागे नसते, कणा वाकला असता, तर माशांच्या क्षयाचा संशय घ्यायचा. त्याचा जंतू १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात सापडला. त्यावर खात्रीचे औषध नाही, आणि हाताला जखम असली तर तो माणसालाही सोडत नाही.

आमच्या माशांना शेळ्यामेंढ्यांचे लेव्हॅमिसोल मिळाले. त्याने जंत लुळे पडतात. म्हणून दुसऱ्या दिवशी तळ नळीने उपसायचा, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. जालन्यात पाणी म्हणजे हंड्यांचा हिशेब! बादलीकडे पाहून सौ. म्हणाली, "एवढ्यात दोन दिवसांची भांडी निघाली असती." पण क्लोरीन उडावे म्हणून रात्रभर उघडे ठेवायचे पिंप तिनेच भरून ठेवले होते.

नऊपैकी पाच उरले. धाकटी रोज सकाळी त्यांची पोटे तपासते. परवा तिने भिंग माझ्याकडेही रोखले.