आज्ञांची बारनिशी

भंडारदऱ्यास एकदां भर पावसांत जावें, असा आमचा कित्येक वर्षांचा बेत होता; तो यंदा आषाढाच्या अखेरीस तडीस गेला. पाऊस मनसोक्त पाहावयास मिळाला. किंबहुना, शेंडी गांवाजवळच्या ज्या घरीं आम्ही उतरलों होतों त्याच्या ओसरीवरून तीन दिवस दुसरें कांहीं दिसतच नव्हतें. कळसूबाईचें शिखर कोणत्या दिशेस आहे हें सांगणाराच्या बोटावर विश्वास ठेवूनच मानावें लागे. खालीं खाचरांतून भाताची आवणी चालली होती, आणि इरलीं पांघरलेलीं माणसें धुक्यांतून मधूनच प्रगट होऊन पुन्हां त्यांत विरून जात होतीं. परंतु या प्रवासांतून आम्ही जें घेऊन आलों तें पावसानें दिलेलें नव्हे. तें एका लहानशा पडद्यावर आम्हांस मिळालें.

आमच्याबरोबर आमचा भाचा होता. संगणकाच्या पडद्यावर चालतीं चित्रें उमटविणारे प्रोग्रॅम लिहिणें हा त्याचा पुण्यांतला व्यवसाय. एका प्रदर्शनासाठीं त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं याच प्रदेशाचें चित्र सिद्ध केलें होतें. मध्यें तळें, भोंवतीं रतनगडापर्यंतचे डोंगर, आणि प्रवरेच्या वाटेंत उभी असलेली धरणाची भिंत. पाहणारानें बोट फिरवावें, कीं तो पक्ष्यासारखा पाण्यावरून उडत जातो; एक कळ दाबावी, कीं धुकें उतरतें. आम्ही तेथें पोंचतों न पोंचतों तोंच प्रदर्शन भरविणाऱ्यांचा निरोप आला, 'धरण नाहींसें होतें.'

हें धरण १९२६ सालीं पुरें झालें, आणि त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव त्यास मिळालें. भिंतीची उंची सुमारें ८२ मीटर. पाठीशीं सुमारें ११ अब्ज घनफूट पाणी. एवढी वस्तु नाहींशी होते या बातमीस आम्ही हंसलों. पण भाचा हंसला नाहीं. भिंतीचें चित्र काढण्याचें काम त्याच्या हाताखालीं नव्यानेंच आलेल्या एका मुलीकडे होतें. नाहींशी होते ती भिंत, आणि भिंत काढली तिनें. तेव्हां दोष तिचा, हा न्याय अगदीं सरळ होता. अशी तक्रार पूर्वींही एकदां आली होती, आणि त्या वेळीं त्यानें तिला चार लोकांदेखत बोल लावला होता. तिचें म्हणणें इतकेंच होतें, कीं माझ्या यंत्रावर भिंत जागच्या जागीं आहे. अडचण अशी, कीं त्याच्याही यंत्रावर ती जागच्या जागींच होती.

या अडचणीवर जो उपाय आहे तो त्यानें त्या रात्रीं आम्हांस समजावून दिला. प्रोग्रॅम स्वतः चित्र काढीत नाहीं. चित्र काढणारें यंत्र निराळें. त्यास ग्राफिक्स कार्ड म्हणतात. प्रोग्रॅम त्यास आज्ञा देतो, आणि त्या कोणत्या शब्दांत द्यावयाच्या याचे करार ठरलेले आहेत. ओपनजीएल हा करार १९९२ सालीं प्रसिद्ध झाला. व्हल्कन हा त्याचा धाकटा भाऊ २०१६ सालचा. हा रंग घे, हे त्रिकोण भर, आतां पुसून टाक, अशा शेंकडों, कधीं हजारों आज्ञा मिळून एक चित्र होतें. आणि अशीं साठ साठ चित्रें एका सेकंदांत निघून जातात. चूक डोळ्यांनीं पकडूं म्हटलें तर ती केव्हांच पसार झालेली असते.

म्हणून या दोघांच्या मध्यें एक कारकून बसवितात. आमच्या तरुणपणीं प्रत्येक कचेरींत आवक-जावक कागदांची बारनिशी असे. कागद पुढें जाण्यापूर्वीं त्याची नोंद व्हावयाची. हा कारकूनही तसाच. तो प्रोग्रॅमकडून आज्ञा घेतो, आपल्या वहींत उतरतो, आणि तशीच पुढें यंत्राच्या हवालीं करतो. दोघांपैकीं कोणासही मध्यें तिसरा आहे हें जाणवत नाहीं. जोझे फोन्सेका यांनीं सुरू केलेलें एपीआयट्रेस हें अशाच एका कारकुनाचें नांव. बाल्डर कार्लसन यांचें रेंडरडॉक हें दुसरें. तें एकच चित्र निवडून त्याच्या सर्व आज्ञा उकलून दाखवितें, आणि २०१४ पासून त्याची घडण सर्वांस खुली आहे. पुढें ती वही दुसऱ्या एखाद्या यंत्रापुढें वाचावयाची; म्हणजे मूळ प्रोग्रॅम जवळ नसला तरी तेंच चित्र पुन्हां उभें राहतें. शिवाय, वाटेल त्या आज्ञेशीं थांबून अर्धवट झालेलें चित्रही पाहतां येतें.

प्रदर्शनवाल्यांनीं अशी एक वही भरून पाठविली होती. येथील मोबाईलची रेंज पावसाच्या मर्जीवर. वही उतरून घेतां घेतां मध्यरात्र झाली. "नुसत्या आज्ञाच ना? मग एवढी अवजड कां?" आम्हीं विचारलें.

"मामा, आज्ञा असते कीं अमुक कपाटांतलें चित्र घे. उद्यां तें कपाटच नसलें तर नुसता पत्ता घेऊन काय करायचें? म्हणून कपाटांतलें चित्रही बरोबर ठेवावें लागतें."

हें वाक्य आम्हांस पुढें फार उपयोगी पडलें.

वही वाचली जाऊं लागली. पडद्यावर तळें आलें, डोंगर आले, धुकें उतरलें. आणि आमच्या डोळ्यांदेखत भिंत आधीं अर्धी व मग सगळी गेली. तिच्या जागीं फिकट आकाश होतें. भाच्याचा चेहरा एकदम उजळला. दोष दिसल्याबरोबर आनंदणारी ही जात आम्हीं त्या रात्रीं प्रथमच पाहिली! पण त्याचा आनंद रास्त होता. त्याचें ग्राफिक्स कार्ड वेगळ्या कारखान्याचें होतें. तेथेंही भिंत गेली, त्या अर्थीं प्रदर्शनाचें यंत्र बहुतेक निर्दोष होतें. खोट दिलेल्या आज्ञांतच होती.

मग तो एकेक आज्ञा उलट्या क्रमानें तपासूं लागला. भिंत काढण्याची आज्ञा सांपडली. ती दिलेली होती. त्रिकोण बरोबर, जागा बरोबर. "तिनें तर सगळें नीट केलें आहे," असें तो स्वतःशींच म्हणाला आणि बराच वेळ गप्प राहिला.

या यंत्राची रीत अशी, कीं पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याशीं जी वस्तु काढली तिचें अंतर तें टिपून ठेवतें. नंतर आलेली वस्तु त्याहून दूर असेल तर ती झांकलेली समजून काढीत नाहीं. प्रत्येक नवें चित्र आरंभितांना हीं जुनीं अंतरें पुसावयाचीं असतात. पुसण्याची आज्ञाही वहींत होती. पण अंतरें पुसलीं गेलीं नव्हतीं. आदल्या चित्राच्या अगदीं शेवटीं धुकें काढलें होतें. धुकें पारदर्शक, त्यानें मागचें कांहीं झांकूं नये म्हणून तें काढण्यापूर्वीं, 'आतां अंतरें लिहूं नको' असें कुलूप लावतात. कुलूप लावणें योग्यच होतें. परंतु काम झाल्यावर तें कोणीं काढलें नाहीं. यंत्राचा स्वभाव असा, कीं एकदां सांगितलेली गोष्ट दुसरें सांगेपर्यंत तें धरून बसतें; आणि पुसणें हेंही त्याच्या लेखीं एक प्रकारचें लिहिणेंच. म्हणून जुन्या चित्रांतले डोंगर आपलीं अंतरें मागें ठेवून गेले, आणि त्या न दिसणाऱ्या डोंगरांआड खरी भिंत लपली.

पुण्यास ही चूक कधींच कां दिसली नाहीं, याचेंही कारण तेथेंच सांपडलें. तेथें गांवांचीं व गडांचीं नांवें पडद्यावर दाखवीत. तीं धुक्यानंतर उमटत, आणि आपल्या सोयीसाठीं जातां जातां कुलूप उघडीत. प्रदर्शनवाल्यांनीं नांवें बंद ठेविलीं होतीं.

"धुकें कोणीं लिहिलें?" आम्हीं विचारलें.

"मीं."

तो त्या मुलीस पत्र लिहावयास बसला. आम्ही म्हणालों, "अरे, तिच्या एकटीला लिहूं नकोस. ज्या चौघांसमोर बोललास, त्यांनाही लिही." त्यानें मान हलविली. पत्र चार ओळींचेंच झालें. पण तें त्या चौघांसही गेलें.

दुसऱ्या दिवशीं पाऊस उघडला तेव्हां आम्ही धरणापर्यंत चालत गेलों. या भिंतीसही १९६९ सालीं भेगा पडून पाणी झिरपूं लागलें होतें, आणि पुढें खालच्या अंगानें भक्कम आधार बांधून तिला सांवरण्यांत आलें. ती पाहतांना आमच्या मनांत आमच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे या भाच्याच्या आईचा, विचार येत होता. वडिलांचें घर विकलें त्या दिवशीं, सहीच्या वेळीं, अक्का आम्हांस म्हणाली होती, "तुझें तूं बघ." त्यास सहा वर्षें झालीं. लग्नकार्यांत भेट होते, प्रकृतीची विचारपूस होते, आणि तेवढेंच. नातें तुटलें तें त्या तीन शब्दांनीं, असा आमचा हिशेब होता. तो दिवस आम्हीं मनांत शेंकडों वेळां पुन्हां चालविला आहे, आणि दर वेळीं अक्काच दोषी ठरली आहे.

पण आमची बारनिशी त्या दिवसापासूनच सुरू होत होती. त्यापूर्वीं दोन वर्षें वडील अंथरुणावर होते. औषधोपचाराचे सगळे निर्णय आम्हींच घेतले, अक्का एकदां कांहीं सुचवूं लागली, तेव्हां डॉक्टरांच्या समोर आम्ही म्हणालों होतों, "तुला त्यांतलें काय कळतें?" त्या घाईंत तें कदाचित् क्षम्यही असेल. घाई संपली, वडील गेले; पण तिच्या बोलण्यास घातलेलें तें कुलूप आम्हीं कधीं काढलें नाहीं. पुढें घराच्या प्रश्नांत तिनें काय बोलावयाचें उरलें होतें? 'तुझें तूं बघ' याखेरीज तिच्याजवळ दुसरा शब्द आम्हींच ठेविला नव्हता.

माणसांची अशी वही कोठें मिळत नाहीं, आणि मिळूं नये हेंच बरें. त्या कारकुनासही उंबरठा ओलांडून आलेली आज्ञा तेवढी दिसते; देणाराच्या मनांत काय होतें तें त्याच्या वहींत येत नाहीं. आमची स्मृति तर त्याहूनही अपुरी. ती पत्ते तेवढे जपते; कपाटांतलीं चित्रें केव्हांच बदललेलीं असतात. अक्काचे शब्द आम्हांस अक्षरशः आठवतात. पण ते बोलतांना तिचा चेहरा रागाचा होता कीं रडवेला, हें आज आम्हांस सांगतां येत नाहीं.

परतीची वाट राजूर, अकोल्यावरून संगमनेरास जाते. अक्का तेथेंच राहते. भाचा तिला भेटून पुढें जाणार होता, आणि आम्ही स्टँडवरून परस्पर पुण्याची गाडी धरणार, असें निघतांना ठरलें होतें. संगमनेर आलें तेव्हां आम्हीं आपली पिशवी उचलली आणि त्याच्या मागोमाग चालूं लागलों. त्यानें कांहीं विचारलें नाहीं. अक्कानें दार उघडलें. आधीं मुलाकडे व मग आमच्याकडे पाहिलें. वाटेंत आम्हीं पुष्कळ वाक्यें जुळवून ठेविलीं होतीं. त्यांतलें एकही आठवेना. "अक्का, बाबांच्या आजारपणांत तूं कांहीं सांगत होतीस," आम्ही म्हणालों. "तें आम्हीं ऐकून घेतलें नाहीं. आज सांगशील का?"

ती क्षणभर उभी राहिली. मग म्हणाली, "आधीं पाय धुवून घे. चिखलानें भरले आहेत."