आधी काय कापायचे ते सांगा

माझे आजोबा निजामाच्या अमदानीत नांदेडहून हैदराबादेस आले आणि महसूल खात्यात कारकून म्हणून रुजू झाले, त्या काळातील त्यांच्या लाकडी पेटीत दौत, वाळूची डबी आणि बोरूंची जुडी यांच्या शेजारी एक कलमतराश असे. जेमतेम दीड इंचाचे पाते आणि शिंगाची पिवळट मूठ एवढाच त्याचा संसार. पण बोरूला तिरपा छेद देणे, त्याच्या टोकाला चीर पाडणे आणि कागदावर पडलेला शाईचा डाग हळुवार खरवडून काढणे या तीन कामांत त्याची बरोबरी करणारे दुसरे हत्यार आमच्या काचीगुड्याच्या घरात नव्हते. पेरू कापण्यासाठी ते मागितले, तर आजोबा देत नसत. लहानपणी मला तो कंजूषपणा वाटे; ते हत्यार ज्या कामासाठी घडले त्याच कामावर त्याची निष्ठा राहावी, असा त्यांचा आग्रह होता, हे कळायला माझी साठी उलटावी लागली.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी दर रविवारी शहराबाहेरच्या डोंगरांवर जाऊ लागलो. हैदराबादभोवतीचे हे ग्रॅनाइटचे खडक सुमारे अडीच अब्ज वर्षांचे आहेत, आणि एकावर एक रचून ठेवल्यासारख्या त्या प्रचंड शिळांच्या सावलीत बसून भाकरी खाण्याचे सुख ज्याने अनुभवले आहे, त्याला सुरुंगांनी त्यांचा होत असलेला चुरा पाहवत नाही. कधी खाजागुडा, कधी भोंगीरच्या किल्ल्याची एकसंध टेकडी, कधी विकाराबादजवळचे अनंतगिरीचे जंगल, जेथे मूसी नदी उगम पावते, असा आमचा पाचसहा जणांचा क्रम असे. पिशवीत घडीचा एक चाकू असे आणि तेवढा पुरेसा आहे अशी माझी समजूत होती.

ती समजूत एका श्रावणात अनंतगिरीवर मोडली. पावसाने निसरड्या झालेल्या तांबड्या चिखलात आमच्यातील एका स्नेह्याचा पाय मुरगळला. घोट्याला आधार द्यावा म्हणून मी पंचाच्या पट्ट्या कापल्या आणि एक वाळकी फांदी हव्या त्या लांबीला तोडू लागलो. घडीच्या चाकूच्या सांध्यात चिखल शिरला होता, त्यामुळे पाते उघडले तरी त्याची खीळ पुरती बसली नव्हती, आणि मी जोर देताच ते उलट फिरून माझ्या तर्जनीवर मिटले. जखम खोल नव्हती. पण पाऊस कोसळत असताना, दुखावलेला माणूस समोर कण्हत असताना, मदत करणाराच रक्ताळलेला हात धरून बसतो, या गोष्टीची लाज मला अनेक दिवस पुरली. सांध्याचा चाकू खिशाच्या सोयीसाठी असतो. जेथे हातावर भिस्त ठेवायची तेथे पाते आणि मूठ एकाच पोलादाची, अखंड असली पाहिजेत, हा धडा मी त्या दिवशी घेतला.

पण धडा घेणे निराळे आणि योग्य जिन्नस निवडणे निराळे. बाजारात एका दुकानदाराने मला दहा इंची पाते दाखवले. त्याच्या पाठीला करवतीसारखे दाते, पोकळ मुठीत होकायंत्र आणि काड्यापेटी, आणि एकंदर रूप असे की ते कमरेला लावले की मनुष्य आपल्याला शूर समजू लागावा. मी ते घेतले. महिनाभर वागवल्यावर ध्यानात आले की दोरी कापायला ते अवजड, काटा काढायला अशक्य, काकडी चिरायला बेढब. आणि मूठ पोकळ असल्याने पाते तिच्या तोंडाशी केवळ एका पेचावर तोललेले होते, ते चौथ्याच रविवारी खुळखुळू लागले. तेव्हा मी एक साधी तजवीज केली. घरातील जुनी सुरी फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली, आणि प्रत्येक सहलीत तिने प्रत्यक्षात काय कापले याची नोंद एका वहीत ठेवू लागलो.

सहा महिन्यांची ती वही मजजवळ अजून आहे. सुतळी व नायलॉनची दोरी, फळे, कांदे, भाकरीचे पुडके, पायातील बाभळीचे काटे, चुलीसाठी वाळक्या काटक्यांच्या बारीक ढलप्या, जखमेवरची पट्टी, एकदा चपलेचा तुटलेला अंगठा. झाड तोडण्याची पाळी एकदाही आली नाही, आणि यावीही का? जंगलातील जिवंत लाकडावर आपला कोणता हक्क?

वही भरत असतानाच मी सालारजंग संग्रहालयात शस्त्रांच्या दालनात वरचेवर जाऊ लागलो. तेथे जहांगीर बादशहाच्या खंजिराबरोबर नूरजहानची फळे कापण्याची रत्नजडित सुरीही आहे, आणि ज्या सम्राज्ञीच्या हाती साम्राज्याची सूत्रे होती तिची वस्तू म्हणून आज फळांची सुरी जपली जावी, हे मला फार हृद्य वाटले. पाती पाहता पाहता मी त्यांच्या पोलादाविषयीही वाचू लागलो. नांदेडला जाताना आगगाडी निजामाबादेस थांबते, त्या जिल्ह्यातील कोनासमुद्रम् गावी एकेकाळी मातीच्या बंद मुशीत लोखंड वितळवून असे पोलाद तयार होई की ते विकत घेण्यासाठी इस्फहानचे व्यापारी तेथे मुक्काम ठोकीत. इंग्रज अधिकारी लॅम्बटन याच्या त्रिकोणमितीय मोजणीबरोबर आलेला भूशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसी याने ही कृती स्वतः पाहून लिहून ठेवली. त्याचा तो वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर, 1832 मध्ये, बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. तेलुगूत पोलादाला आजही ‘उक्कू’ म्हणतात, आणि त्याच कुळातला शब्द युरोपात ‘वूट्झ’ होऊन पोचला. लोहाराच्या घरी जन्मलेल्या मायकेल फॅरडेने विजेकडे वळण्यापूर्वी याच पोलादाचा अभ्यास केला होता. आमच्या मुलखाच्या या वैभवाची नोंद शाळेच्या पुस्तकांत ठळकपणे असायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

असे पोलाद आता मिळणे नाही. परंतु ज्या शहराला ही परंपरा लाभली तेथे एखादा चाकू घडवणारा मिळेल, या आशेने मी मूसीच्या दक्षिणेस, जुन्या शहराच्या गल्ल्यांतून विचारपूस करीत एका वृद्ध कारागिरापाशी पोचलो. भाता जाऊन विजेचा पंखा आला होता. ऐरण मात्र जुनीच होती. मी चित्रे काढून नेली होती. त्याने ती पाहिलीही नाहीत.

“काटना क्या है, वो बोलो पहले, साब,” तो म्हणाला.

मी वही उघडून वाचून दाखवली. चपलेच्या अंगठ्याशी आल्यावर त्याने मान डोलावली, आणि माझा उजवा हात आपल्या हातात घेऊन तळव्याची रुंदी बोटांनी मोजली. मूठ आधी ठरली, पाते नंतर. इतक्या दुकानांत हिंडलो, पण माझा हात कोणी मोजला नव्हता. मी दात्यांचा विषय काढला, तर “नक्को साब वो बातां, करवत अलग, चाकू अलग,” असे म्हणून त्याने तो मिटवला. पाते पाच बोटे, म्हणजे सुमारे चार इंच. पाठीची जाडी तीन मिलिमीटर. टोक फार निमुळते नको, कारण ते मोडते. आणि पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत अखंड, वर दोन्ही बाजूंनी शिसवी पट्ट्या पितळी खिळ्यांनी जखडलेल्या.

पोलाद मालमोटारीच्या कमानीच्या जुन्या पाट्याचे होते. त्यात कर्बाचे प्रमाण शेकडा अर्ध्याहून थोडे अधिक, तर कोनासमुद्रम्‌च्या पोलादात साधारण दीड टक्का. म्हणून याला त्या जुन्या पोलादासारखी लहरींची नक्षी नाही, पण ते चिवट असते आणि साध्या कुरुंदाच्या दगडावर पुन्हा धार धरते. तापवता तापवता तो लोहचुंबक लावून पाही. चुंबक चिकटेनासा झाला की थोडे आणखी तापवून त्याने ते तेलात बुडवले. बुडवायचे तेलात, तरी म्हणायचे ‘पाणी देणे’. फारसीत ‘आब’ म्हणजे पाणी आणि तेच पोलादाचे तेजही, आणि आपण मराठीत आब राखण्याची गोष्ट बोलतो तेव्हा हाच शब्द वापरतो. त्यानंतर पेंढ्यासारखी पिवळसर झाक येईपर्यंत मंद आचेवर त्याने पात्याचा ताठा उतरवला, कारण काचेसारखे कठीण पोलाद दगडावर पडले की तडकते. मग पाते पुरेसे कठीण राहिले आहे हे पटावे म्हणून त्यावर कानस फिरवून तिचा आवाज त्याने मला ऐकवला.

चाकू हाती आल्यावर मी कायद्याचे कागदही पाहिले, कारण सरकारी नोकरीत जन्म गेलेल्या माणसाला परवान्याचा प्रश्न टाळता येत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली 1962 साली जे नियम झाले त्यांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाती, घरगुती व शेतीच्या उपयोगाची वगळून, शस्त्रांत गणली होती. माझे दहा इंची पाते त्या रेषेपलीकडचे होते, हे मला विकताना कोणी सांगितले नव्हते. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकूही येतो, आणि लेखी अनुमतीवाचून ते अभयारण्यात नेता येत नाही. म्हणून तशा ठिकाणी जाताना माझा चाकू कपाटातच राहतो. एरवीही तो कमरेला न लावता पिशवीच्या तळाशी ठेवतो. कातडी म्यान पावसात ओल धरते, तेव्हा घरी आल्यावर पाते पुसून, खोबरेल लावून, म्यानाबाहेर ठेवण्याचा शिरस्ता मी पाळतो. लिंबाने त्यावर पडलेला काळसर डाग मात्र मी घासून काढला नाही.

वर्षभराने धार लावण्यासाठी मी तो कारागिराकडे नेला. त्याने चष्मा कपाळावर सारला, पाते उजेडात तिरपे धरले आणि अंगठा पाठीवरून सावकाश पुढे नेला. मुठीजवळची दोन बोटे धार घासून बसली होती, कारण काटक्या आणि दोऱ्या तेथेच कापल्या जात; काट्यांनी टोक किंचित बोथट झाले होते; पण या दोहोंच्या मधले बोटभर पाते जसे त्याने दिले होते तसेच, कुरुंदाच्या बारीक रेघांसह, कोरे होते. मी वहीतील नव्या नोंदी वाचू लागलो, तर त्याने हाताने थांबवले. जे वाचायचे ते त्याने पात्यावरच वाचले होते.

“देखो साब, इत्ती जगा कुच काम नइं करी,” असे म्हणून त्याने ऐरणीवर खडूने माझ्या चाकूची आकृती काढली, मधले एक बोट पुसून टोक मुठीकडे ओढले, आणि कमानीच्या पाट्यांच्या ढिगाकडे वळून पुढच्या चाकूसाठी एक तुकडा शोधू लागला.